पिवळ्या डब्यावरचा अंगठा

६ जानेवारी

शिवरंजनी मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही. रोज एक गोष्ट नीट बघायची आणि लिहायची, कुणाला दाखवायची नाही, म्हणाल्या. बारावीचा पेपर दिल्यापासून मी सलग चार ओळी लिहिलेल्या नाहीत, तेव्हा अक्षराला नावं ठेवायला इथं कुणी येणार नाही हे बरं झालं.

हकीकत अशी. आमच्या बचत गटाच्या बायका खवा आटवतात, पेढे वळतात आणि आजवर सगळा माल फाट्यावरच्या श्रीमंतशेठच्या दुकानात जातो. तिथं तो शेठच्या डब्यात बसतो आणि शेठचा होतो. यंदा चैत्री यात्रेला आमचा पेढा आमच्याच डब्यात विकायचा, असं द्वारकाबाईंनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, ठरवून टाकलंय. नाव ठरलं ‘माळरान पेढा’. आता लेबल पाहिजे. धाराशिवला डिझाइनचं प्रशिक्षण निघालं तर त्यांनी माझं नाव पुढं केलं. कारण काय, तर "हर्षाली बारावी झालीय आन् रांगोळी बरी काढती."

मॅडमनी भिंतीवर एक भला मोठा पांढरा कागद लावला, त्याच्या एका बाजूला काळा ठिपका दिला आणि विचारलं, काय दिसतंय? आम्ही सगळ्या एका सुरात, ठिपका. "आणि एवढा मोठा कागद कुणालाच दिसला नाही?" मला रागच आला. कागद काय बघायचा असतो? पण परत येताना एसटीच्या खिडकीतून बघितलं, तर नांगरून टाकलेल्या रानात एकच लिंब उभा होता, आणि तो एवढा दिसत होता तो भोवती काही नव्हतं म्हणूनच. बाई उगाच बोलत नाही.

१० जानेवारी

आज बिंदू, रेषा, आकार. मॅडमनी टेबलावर बांगड्या, ज्वारीचे दाणे आणि एक सुतळी ठेवली आणि म्हणाल्या, जगातलं कुठलंही चित्र एवढ्यातून होतं. आडवी रेषा निवांत वाटते, उभी ताठ वाटते, तिरकी धावते. ते ऐकून मी दिवसभर रेषाच बघत फिरले. द्वारकाबाई उभी रेषा. मी तिरकी.

घरी भीत भीत सांगितलं. आमचे हे श्रीमंतशेठच्या टेम्पोवर आहेत, गावोगावचं दूध भट्टीवर आणतात. शेठचंच गिऱ्हाईक तोडायला निघालेल्या गटात बायको आहे म्हटल्यावर कुरकुर होणार असं मी धरूनच चालले होते. बाकी बायकांच्या घरी झालीच. तर हे चहा फुंकत म्हणाले, "शिकून घे की. आन् मला बी सांग जरा, काय शिकवत्यात ते." मी बघतच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी काय करते हे माणसानं पहिल्यांदा विचारलं.

१९ जानेवारी

पहिलं लेबल केलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढं मीच हसेन. वर आई येडेश्वरीचा कळस, खाली गाय, गाईच्या शेजारी वासरू, दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा, अक्षरं सोनेरी आणि त्यांच्यामागं उगवता सूर्य. एवढं करून द्वारकाबाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, "आमचे फोटो कुठायत?" गटातल्या सगळ्याजणींचे फोटो पाहिजेत. चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर असतात तसे, गोल गोल. "आन् माझा जरा मोठा घे. अध्यक्ष हाय म्या."

फोटो टाकले. पेढा कुठंच बसेना.

मॅडमनी ते लेबल भिंतीला लावलं, मला वर्गाच्या पार टोकाला उभं केलं आणि डोळे बारीक करून बघायला सांगितलं. मला नुसता चिखल दिसला. "सगळेच ओरडायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही," म्हणाल्या. पाणी आलं डोळ्यांत, पण खरं होतं.

२७ जानेवारी

कॉन्ट्रास्ट. म्हणजे एकमेकांच्या उलट असलेल्या गोष्टी शेजारी ठेवायच्या, मग दोन्ही उठून दिसतात. मॅडम उदाहरण शोधत होत्या, तर मी बोलून गेले, की यात्रेत दुसऱ्या दिवशी पालखी आमराईत जाते आणि माणसं रानातून चुन्याचे खडे वेचतात, तेव्हा काळ्या मातीत पांढरा खडा लांबून लगेच दिसतो. तोच खडा चुनखडीच्या ढिगात टाकला तर आई येडेश्वरीलाही सापडायचा नाही. सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मॅडम म्हणाल्या, "हे मी पुढच्या बॅचला सांगणार." परत येताना मी एसटीत उभी होते तरी बसल्यासारखं वाटत होतं.

रात्रीपर्यंत वाट बघवेना. हे दुधाच्या फेरीवरून आले तसं पायरीवरच सगळं सांगून टाकलं.

४ फेब्रुवारी

जमलं! पूर्ण डबा पिवळा, करडईच्या फुलाचा पिवळा. त्यावर एकच तपकिरी गोल, तोच पेढा. गोल मधोमध नाही, उजवीकडं खाली. डाव्या कोपऱ्यात छोट्या अक्षरांत नाव. बाकी सगळं मोकळं. गाय गेली, वासरू गेलं, सूर्य मावळला. इतकं मोकळं ठेवायला छातीच लागते. हात सारखा काहीतरी भरायला जातो.

ह्यांना दाखवलं. ताट बाजूला सरकवून त्यांनी गटाचा लॅपटॉप मांडीवर घेतला. "एवढी जागा रिकामी का ठिवली?"

मी म्हटलं, "रिकामी नाही ती, मोकळी आहे. मोकळी जागा बी काम करते. भरलेल्या दुकानात नजर आधी मोकळ्या जागेवर जाते, आणि तिथनं घरंगळत पेढ्यावर येते."

"मोकळी जागा बी काम करते," हे पुन्हा म्हणाले, पाठ करावं तसं. मग विचारलं, पिवळा हाच का? गोल बाजूला का? लांबून कसा दिसंल? मी सांगत गेले. मोबाइलवर फोटोसुद्धा काढला त्यांनी. "गाडीत बगत बसतो," म्हणाले. शेजारच्या सगळ्या बायका नवऱ्याच्या नावानं बोटं मोडतात, मला मात्र देवानं ऐकणारा दिला.

१२ फेब्रुवारी

पोत शिकलो. म्हणजे एखादी गोष्ट हाताला कशी लागेल ते डोळ्यांना सांगायचं. मॅडम म्हणाल्या, तुझा गोल छान आहे पण तो पेढा वाटत नाही, बटन वाटतं.

म्हणून मी गटाच्या भट्टीवर गेले. इरम्माक्का कढईपाशी होत्या. त्या मूळच्या आळंदकडच्या, लग्न होऊन इथं आल्या, राग आला की कन्नडमध्ये बोलतात. त्यांच्यासारखा पेढा गटात कुणालाच वळता येत नाही. गोळी करायची, तळहातावर फिरवायची आणि शेवटी अंगठ्यानं हलकं दाबायचं. तो अंगठ्याचा खळगा हीच आमच्या पेढ्याची खूण. मी बघत बसले आणि एकदम डोक्यात आलं, पोत म्हणजे तर हाच!

शिक्क्याची शाई काढून म्हटलं, अक्का, जरा अंगठा द्या. त्यांनी हात पदराखाली घेतला. "बेडा, बेडा. नगं. लई वर्सं अंगठाच देत व्हते म्या बँकेत. आता सही शिकले. पुन्ना कशाला?"

"घरी सरावाला पाहिजे, अक्का. कुणाला दाखवणार नाही."

"शप्पत?"

"शपथ."

मग दिला. त्यांच्या अंगठ्यावर कढईच्या काठाचा चटका बसून एक तिरकी रेघ उमटलेली आहे, तीही कागदावर आली.

१४ फेब्रुवारी

अंगठा गोलात बसवला, तपकिरीवर जरा गडद तपकिरी. आणि काय सांगू! बटनाचा पेढा झाला. बघताना तोंडाला पाणी सुटतं, आणि कुणीतरी हातानं केलाय हे न सांगता कळतं. मी आजवर केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. हे मी न लाजता लिहून ठेवते.

ह्यांना दाखवलं. शपथ आठवली, पण नवऱ्याला दाखवणं म्हणजे कुणाला दाखवणं थोडंच झालं? ह्यांनी लॅपटॉप जवळ ओढून घेतला. मग म्हणाले, "ह्ये तर शहरातल्या मोठ्या कंपनीला बी जमायचं न्हाय." फोटो काढला.

२० फेब्रुवारी

अंगठा काढून टाकला. गटाला दाखवायच्या आदल्या दिवशी सहज द्वारकाबाईंच्या घरी गेले तर त्यांनी भिंतीवर फ्रेम करून लावलेला कागद दाखवला. गटाच्या पहिल्या ठरावाखाली सगळ्याजणींच्या सह्या, एकही अंगठा नाही. "ह्यो कागद बगून बँकेचा साहेब बी उभा राहिला व्हता," म्हणाल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लांबच्या गिऱ्हाइकाला तो पेढ्याचा खळगा दिसेल. गटातल्या बायकांना मात्र आपला पुसलेला अंगठा पुन्हा चव्हाट्यावर आलेला दिसेल. मॅडमनी हे शिकवलं नव्हतं. बघणारा कोण, त्यावर चित्र बदलतं.

खळगा साध्या सावलीनं केला. जरा फिका पडला पण चालेल. आज गटापुढं ठेवलं. फोटो नाहीत म्हणून द्वारकाबाई थोडा वेळ फुगून बसल्या. मग मी तो डबा समोरच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि सगळ्यांना डोळे बारीक करून बघायला लावलं. सगळ्याजणी डोळे बारीक करून बसलेल्या बघून मलाच हसू फुटलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "व्हय गं. हितनं बी वळखू येतंय." मंजूर.

३ मार्च

फाइल लातूरच्या प्रेसला द्यायची होती. ह्यांची गाडी तशीही लातूरला जाणार होती, म्हणून पेनड्राइव्ह ह्यांच्याकडंच दिला. द्वारकाबाई म्हणाल्या, "जावई माणूस सोन्यासारका हाय तुजा." त्या मला लेक म्हणतात म्हणून हे जावई.

१८ मार्च

डबे आले नाहीत. प्रेसची मशीन बिघडलीय, हे म्हणतात. मी नंबर मागितला तर म्हणाले, तू कशाला फोन करतीस, बाईमाणसाला ती लोकं दाद देत न्हायीत, म्या बगतो.

एक चांगली बातमी. शेठ ह्यांना टेम्पोवरून काढून यात्रेपासून दुकानाच्या गल्ल्यावर बसवणार आहेत. दुधाच्या कॅनचा वास घेत उन्हातान्हात फिरायचं संपलं. कधीपासूनची इच्छा होती त्यांची. मी विचारलं, शेठला आपल्या गटाचा राग नाही का? "त्यांचं मन लई मोठं हाय," म्हणाले.

३० मार्च, पाडवा

शेठनं माझ्यासाठी साडी पाठवली. माझ्यासाठी! मी त्यांच्या दुकानात कधी पाय ठेवलेला नाही. हे म्हणाले, "गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या घरी द्यायची रीत हाय त्यांच्यात." साडी पिवळी आहे, अगदी माझ्या डब्याचा पिवळा. योगायोग बघा. नेसले, गुढीला नमस्कार केला, देवीकडं डबे वेळेवर येऊ देत एवढंच मागितलं.

८ एप्रिल

अजून डबे नाहीत. पेढे वळायला बायका बसल्यासुद्धा. द्वारकाबाई तोंडावर काही बोलत नाहीत पण माझ्याकडं बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडते. हे म्हणतात, यात्रेला नक्की.

१२ एप्रिल, पौर्णिमा

जे झालं ते क्रमानं लिहिते.

डबे आलेच नाहीत. आम्ही पेढे साध्या पांढऱ्या पिशव्यांत भरले आणि कमानीपाशी टेबल मांडलं. गर्दी अशी की पुढचं माणूस दिसेना. इरम्माक्का पाणी आणायला गेल्या आणि परत आल्या त्या हातात एक डबा घेऊन. पिवळा. उजवीकडं खाली तपकिरी गोल. डाव्या कोपऱ्यात छोटी अक्षरं, ‘श्रीमंत पेढा’. बाकी सगळं मोकळं.

मला आधी आनंदच झाला, डबे आले म्हणून. मग नाव वाचलं.

इरम्माक्कांनी डबा टेबलावर ठेवला, गोलावर आपला अंगठा टेकवला आणि उलटा करून शेजारी धरला. तिरकी रेघ तिरक्या रेघेशेजारी. "ह्यो माजा अंगठा हाय," म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "शप्पत घेतली व्हती तू."

द्वारकाबाईंनी डबा हातात घेतला, गोल बघितला, मला बघितलं. यात्रेतल्या प्रत्येक टपरीवर पिवळंच पिवळं दिसत होतं. लांबून ओळखू येत होतं. मी केलंच होतं तसं.

अंगठा असलेलं चित्र मी एकाच माणसाला दाखवलं होतं. पण मन मानेना. लॅपटॉप कुणी उघडला असेल, ह्यांचा मोबाइल कुणाच्या हाती पडला असेल, शेठच्या माणसानं चोरला असेल. संध्याकाळपर्यंत मी असंच काहीतरी जुळवत बसले. हे घरी आले नाहीत, दुकानात गर्दी आहे असा निरोप आला.

१३ एप्रिल

पालखीमागं आमराईत गेले. सगळे खडे वेचत होते, मीही वेचले, पदरात धरले. आमराईच्या तोंडाशी शेठनं मांडव घातला होता. गल्ल्यावर हे. नवा शर्ट, माझ्याकडं पाठ. समोर बार्शीकडचा कुणी व्यापारी डबा हातात फिरवत होता. मी हाक मारणार तेवढ्यात हे बोलायला लागले.

"रिकामी न्हाय ती, मोकळी हाय. मोकळी जागा बी काम करते, पावणं. भरलेल्या दुकानात नजर आधी मोकळ्या जागंवर जाती आन् तिथनं घरंगळत पेढ्यावर येती. जरा डोळं बारीक करून बगा."

त्या माणसानं डोळे बारीक केले. "वा! डोकं कुणाचं?"

"आपलंच," हे म्हणाले आणि हसले. शेठनं मागून पाठीवर थाप मारली.

मी हाक मारली नाही. माझे शब्द होते, सगळेच्या सगळे, ज्या क्रमानं मी ताटापाशी बसून सांगितले होते त्याच क्रमानं. मला वाटत होतं, ऐकणारा नवरा मिळाला. ऐकत होता की! एक अक्षर सांडलं नाही त्यानं. खडे पदरातून कधी पडले ते कळलं नाही. मी चालत घरी आले आणि साडी फेडून कोपऱ्यात टाकली. ती साडी मी नेसून मिरवले याचीच सगळ्यात जास्त किळस येतेय.

१४ एप्रिल

विचारलं. नाही म्हणतील, निदान मान खाली घालतील असं वाटलं होतं.

"त्यात काय यवडं?" म्हणाले. "पिवळा रंग काय आपल्या सातबाऱ्यावर हाय का? गोल काय तू शोधून काडला? पृथ्वी बी गोलच हाय. आन् गटाचं नाव म्या घेतलं का कुठं? त्यांचं माळरान, ह्यांचं श्रीमंत."

"अंगठा इरम्माक्कांचा आहे."

"अंगठा सगळ्यास्नीच असतोय."

"आणि डोकं? डोकं तुमचं होतं?"

तेव्हा कुठं जवळ बसले आणि समजुतीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "बायकूनं केलं म्हणून सांगितलं असतं तर शेठनं मला गल्ल्यावर बशीवलं असतं का? आता आपल्याला बरे दिवस आलेत. तू मला दाखवलंस तवा ते आपल्या दोघांचं झालं. बाहेर कुठं गेलं? घरातच आलं की."

आणि डबे? प्रेसची मशीन कधी बिघडलीच नव्हती. फाइल ह्यांनी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात दिली. हेही त्यांनीच सांगितलं, जणू मी आता त्यांच्या बाजूची आहे.

मला मारलं असतं तर बरं झालं असतं, कुणाला दाखवता तरी आलं असतं. जानेवारीपासूनची प्रत्येक संध्याकाळ आता मला परत परत बघावी लागतेय. "मला बी सांग जरा," म्हणाले होते तेव्हा ठरलं होतं का? की नंतर, फोटो काढताना? हे मला कधीच कळणार नाही, आणि म्हणून माझ्याजवळ एकही संध्याकाळ धड उरलेली नाही.

१७ एप्रिल

आमचे डबे आले. सुंदर आलेत. पिवळा अगदी मनासारखा उतरलाय. बसस्टँडवर ठेवले तर एक बाई म्हणाली, "ह्ये श्रीमंतची नक्कल दिसतंय. खरा पेढा अंगठ्याचा असतोय." द्वारकाबाईंनी डबे परत पोत्यात भरले.

गटात कुजबुज आहे. शेठनं हर्षालीला साडी दिली, नवऱ्याला गल्ला दिला, हिनंच विकलं. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही. मी भट्टीवर गेले की कढईचा आवाज तेवढा राहतो. इरम्माक्का माझ्याकडं बघतच नाहीत.

परवा मीटिंग आहे. ह्यांना समजलं तसं त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. काय बोलायचं, कुठं रडायचं. "लातूरच्या प्रेसवाल्यानं फोडलं म्हण. कोण जातंय बगायला? त्यांच्या हातात काय हाय?" प्रेसवाला कोण, कसा, मी त्याला बघितलेलंसुद्धा नाही. त्यानं डबे मात्र चोख छापलेत.

१९ एप्रिल

मीटिंग द्वारकाबाईंच्या ओसरीवर झाली. सगळ्या आल्या होत्या. मी बसले तिथं माझ्या दोन्ही बाजूंना कुणी बसलं नाही. गंमत बघा, अशी मोकळी जागा सोडली की नजर कुठं जाते हे त्यांना मीच शिकवलं होतं.

द्वारकाबाईंना बहुतेक माझी कीव आली असावी. त्यांनी स्वतःच वाट काढून दिली. "प्रेसवाल्याचं काम दिसतंय ह्ये," म्हणाल्या. "ठराव करू. प्रेसवर तक्रार द्यायची ठाण्यात. उद्याच जाऊ लातूरला." ठरावाचं रजिस्टर मांडीवर घेऊन त्यांनी लिहायला सुरुवात केली. बायका हं हं म्हणायला लागल्या. मी नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर गटात राहिले असते, घरातही राहिले असते.

"प्रेसवाल्यानं नाही दिलं," मी म्हटलं.

पेन थांबलं. "मग कुणी?"

"मी नाही विकलं, काकू. पण मी घरी दाखवलं होतं. शपथ घेऊनही दाखवलं. घरातनं गेलं ते."

"घरातनं म्हंजी?"

"ह्यांनी दिलं."

द्वारकाबाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "ठरावात ‘ह्यांनी’ लिवता येत न्हाय, बाई," म्हणाल्या. "आन् तुला न्हाय सांगायचं तर ऱ्हाऊ दे. आमाला कळलं. लिवत न्हाय म्या."

पण नुसतं कळून काय होतं? कळलेलं ओसरीवरच राहतं. बाहेर डबा शेठचा आणि डोकं ह्यांचं, असंच चालू राहतं. मी म्हटलं, "लिहा. दिग्विजय." आणि मग वडलांचं नाव, आडनाव. सगळं, रेशन कार्डावर असतं तसं.

वरातीतून उतरले त्या दिवशी उंबऱ्यावर उखाण्यात घेतलं होतं हे नाव, सगळे हसत होते, हे सगळ्यात जास्त. त्यानंतर आज. मागं ‘राव’ न जोडता. माझ्या तोंडून ते परक्या माणसाचं नाव असावं तसं आलं. बायकांनी माना खाली घातल्या. एकीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

द्वारकाबाईंनी लिहिलं. हळू, एकेक अक्षर. मग रजिस्टर माझ्याकडं सरकवलं, मी सही केली, आणि ते फिरत गेलं. इरम्माक्कांपाशी आलं तेव्हा त्यांनी बराच वेळ घेतला. त्यांची सही लांबलचक आहे.

उठायची वेळ झाली तरी मी बसूनच राहिले. द्वारकाबाई म्हणाल्या, "आता घरी कशी जाशील गं?" हे मला सुचलंच नव्हतं. मीटिंगपर्यंतचंच सुचलं होतं. आतापर्यंत गावात कुणीतरी ह्यांच्या कानावर घातलंही असेल. कुणी म्हणेना, माझ्याकडं चल. नवरे सगळ्यांनाच आहेत, आणि निम्म्यांच्या घरचं दूध शेठकडंच जातं.

मग इरम्माक्का उभ्या राहिल्या, चपला घातल्या. "माज्याकडं जागा हाय," म्हणाल्या, दुसरीकडंच बघत. "पर म्या बोलणार न्हाय तुज्याशी. सांगून ठिवते."

हे सगळं मी त्यांच्या ओट्यावर बसून लिहितेय. आत भाकरी थापल्याचा आवाज येतोय. मघाशी त्यांनी पाण्याचा तांब्या आणून माझ्याशेजारी ठेवला आणि आत गेल्या. खरंच बोलत नाहीत.